जुन्या पट्टीस नवा रंग

2025 सालच्या वैशाखात आमच्या हातून एक काम घडले. काम क्षुल्लक होते, परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो अजून आमच्या मनातून गेलेला नाही. म्हणून तो सभासद कुटुंबांपुढे मांडीत आहोत.

आमच्या घरी 1974 सालची एक मोटार होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट नमुन्यावर ती तयार झालेली. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली आणि त्यांच्यामागून तीर्थरूप वडिलांनी ती तीस वर्षे चालविली. हळर्णहून पेडणे, डिचोली, दोडामार्ग, जेथे कोठे यजमानाघरी वास्तुशांत किंवा सत्यनारायण असेल तेथे ती पूजेचे साहित्य घेऊन जात असे. उन्हाळ्यात वडील उजव्या दाराची काच खाली करून कोपर दाराच्या कडेवर टेकवीत व एका हाताने चक्र फिरवीत. त्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी होती. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिच्यावर वीतभर लांबीची एक गुळगुळीत, किंचित खोलगट जागा पडली होती.

अलीकडे वडिलांचे गुडघे चालेनात आणि मोटार छपराखाली उभी राहू लागली. तिच्या अंगावरील साऱ्या पट्ट्या राखेसारख्या करड्या पडल्या. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. कारखान्यात विजेच्या साहाय्याने हा थर मुद्दाम जाड करतात; त्यास ॲनोडायझिंग म्हणतात. ऊन, खारी दमट हवा आणि क्षारयुक्त साबण यांनी तो थर ठिकठिकाणी खाल्ला जातो, मग कितीही पुसले तरी तेज येत नाही.

मोटार विकावयाचे ठरले. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या मोटारींचा संग्रह करतात. ते पाहावयास येणार असे कळले, तेव्हा पट्ट्या रंगवून घेण्याची कल्पना आमचीच. पेडण्याकडच्या एका मिस्त्रीने युक्ती सांगितली. ॲल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. आधी कागदाने घासून मेलेला थर काढावा, तेलाचा अंश पुसावा, लागलीच त्या धातूस धरणारे विशेष अस्तर द्यावे, मग रुपेरी रंग व वर पारदर्शक रोगण. आम्ही दोन दिवस खपून तसेच केले. पट्ट्या कारखान्यातून आल्यासारख्या झळकू लागल्या. खरे सांगावयाचे तर आम्हांस अभिमान वाटला.

गृहस्थ आले. खाली वाकून त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरविले आणि विचारले, "पट्ट्या मूळच्याच ना?" आम्ही म्हटले, "होय." ते संतुष्ट झाले व विसार देऊन गेले.

पट्ट्या मूळच्याच होत्या. उत्तरात एकही अक्षर खोटे नव्हते. पण विचारणाऱ्याने काय विचारले हे आम्हांस ठाऊक होते, आणि आपण काय लपविले हेही ठाऊक होते. अश्वत्थाम्याच्या प्रसंगी धर्मराजाचेही अक्षर खोटे नव्हते. तरी भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आमची मोटार आधीच भूमीवर होती, एवढाच काय तो फरक.

त्या संध्याकाळी वडील पूजा आटोपून आले. उजव्या दाराशी थांबले, पट्टीवर हात ठेवला, पुढे सरकविला, मागे आणला. मग म्हणाले, "अरे, माझे कोपर कोठे गेले?"

येथे कोणी म्हणेल की रंग देण्यात पाप ते कसले? देवळाची समई आपण सणापूर्वी चिंचेने उजळतो, भिंतींस चुना देतो, त्यास कोणी लबाडी म्हणत नाही. हे आम्हांस मान्य आहे. पुढे जाऊन असेही म्हणता येईल की पट्टीचे मूळचे तेज तरी कोठे निखळ धातूचे होते? तेही कारखान्याने चढविलेल्या थराचेच. तेव्हा एका थरावर दुसरा थर दिला म्हणजे असत्य झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शिवाय उघड्या धातूला खड्डे पडण्यापेक्षा रंगाने त्याचे रक्षणच होते.

तथापि विचार करता आमच्या ध्यानी आले की आमच्या हातून दोन चुका झाल्या आणि त्या एका जातीच्या नव्हत्या. पहिली त्या गृहस्थांविषयीची. ती सांगून दुरुस्त होण्यासारखी होती. दुसरी वडिलांविषयीची, आणि ती रंगाने झालेली नसून घासकागदाने झालेली. रंग उद्या काढता येतो. घासून नाहीसे झालेले कोपर परत आणता येत नाही. इतके दिवस आम्ही रंगाचाच विचार करीत होतो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने 2012 साली स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत वापराच्या खुणा वाहनाच्या इतिहासाचाच भाग मानल्या आहेत, आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा असे सांगितले आहे. आपल्या केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांवरील मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, असे त्यांत आहे. पट्टीच्या रंगाविषयी कायदा बोलत नाही. ती बाब ज्याच्या त्याच्या मनावर राहिली. अशा मोटारी तर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 29 ऑक्टोबर 2023 रोजी संपली.

आमच्या गावचा किल्ला 1746 साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकला, आणि त्या जयावरून त्यांच्या व्हाइसरॉयला हळर्णचे नाव जोडून मार्किसची पदवी मिळाली. तटावर त्या लढाईची एखादी खपली सापडली तर ती गिलाव्याने बुजवा असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. राजेरजवाड्यांच्या खुणा आपण जपतो. पुरोहिताच्या कोपराची खूण मात्र आम्हांस मळ वाटली!

तिसऱ्या दिवशी आम्ही पुण्यास फोन केला. घडले ते सांगितले, विसार परत करण्याची तयारीही दर्शविली. पलीकडे बराच वेळ शब्द नव्हता. मग त्यांनी विचारले, पूर्वीचे छायाचित्र आहे काय? चुलत भावाच्या मुंजीच्या वेळचे एक होते. त्यात वडील मोटारीत बसलेले, कोपर दारावर. ते मोटारीच्या कागदांबरोबर पाठवा, एवढेच ते म्हणाले. किंमत त्यांनी पाच हजारांनी उतरविली. आम्ही ती मान्य केली.

कोणत्या पट्ट्या, कोणत्या दिवशी, कोणत्या रीतीने रंगविल्या हे एका कागदावर लिहून आम्ही खाली सही केली. वडिलांनी चष्मा लावून कागद वाचला, लेखणी मागितली आणि आपल्या हाताने एक ओळ घातली: उजव्या दाराची पट्टी कोपराने झिजली होती, ती मुलाने अजाणता घासली.

"अजाणता" हा शब्द आम्ही खोडू इच्छीत होतो. त्यांनी खोडू दिला नाही. मृगाच्या आधी चार दिवस मोटार ट्रकवर चढवून आंबोलीच्या घाटाने वर गेली.