कपाटातली नावं

रामदासपेठेतलं मामूंचं घर रिकामं करायचं होतं. पुस्तकांचं कपाट एकच. वरच्या खणात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, पानं तपकिरी पडलेली. शेजारी इब्ने सफींच्या उर्दू जासूसी कादंबऱ्या. मधे रा. चिं. ढेरे यांचं १९६७ सालचं ‘मुसलमान मराठी संतकवी’. सर्वांत खाली मखमलीत गुंडाळलेला खानदानाचा शजरा. मामेभावानं वाटणी झटपट केली: शजरा घरी, ढेरे ग्रंथालयाला, रहस्यकथा रद्दीला.

पुस्तकाची इज्जत कशावरून ठरते, हा प्रश्न मला तिथं पडला.

शजऱ्यात नऊ पिढ्या आहेत. बाप, मुलगा, त्याचा मुलगा. बाईचं नाव एकही नाही. सात मुलं वाढवणारी नानी त्यात नाही. रात्रीची भांडी आवरून कंदिलाच्या उजेडात अर्नाळकर वाचणाऱ्या धाकट्या खालाही नाहीत. त्यांचं नाव सापडलं ते रद्दीच्या ढिगात, प्रत्येक रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं. घराण्याच्या कागदांत त्यांचा एवढाच पुरावा.

शजरा विचारतो, ‘तू कोणाचा?’ रहस्यकथा विचारते, ‘हे कोणी केलं?’ नीतीच्या दृष्टीनं दुसरा प्रश्न मला अधिक स्वच्छ वाटतो. तिथं खानदान पाहून कोणी सुटत नाही आणि नाव ऐकून कोणी गुन्हेगार ठरत नाही. कौमी आणि कबिले परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपण परहेजगारीत आहे, असं कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितलं आहे. आपण मात्र ओळखीच्या साधनाला मिरवण्याची वस्तू केली.

तरी शजऱ्याला हसून भागत नाही. आसाममध्ये नागरिक नोंदणीसाठी पूर्वजाचं नाव १९५१ च्या नोंदवहीत किंवा २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदार याद्यांसारख्या कागदांत दाखवून त्याच्याशी नातं सिद्ध करावं लागलं. कुटुंबांचे वंशवृक्ष ताडून पाहिले गेले. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसं वगळली गेली. लग्न होऊन परगावी गेलेल्या अनेक बायकांना वडिलांशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याचाच आधार होता, आणि त्या दाखल्याचाही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदात नाव नसणं ही केवळ भावनेची बाब नाही, हे तिथं उघड झालं.

आपल्या परंपरेला हे अवघड नव्हतं. हदीस कोणाकडून कोणाकडे आली, याची साखळी आलिमांनी नावानिशी जपली. हजरत आयेशांच्या (रजि.) नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत. दीनच्या बाबतीत बाईची साक्ष नावासकट टिकवणारे आपण, घरच्या वंशावळीत तिचं नाव का गाळतो?

मामेभाऊ म्हणाला, “जुन्या कागदात खाडाखोड नको, भाईजान.” त्याचं बरोबर होतं. पूर्वजांनी जे लिहिलं नाही, ते त्यांच्या नावावर घालणं हीही बेइमानीच. म्हणून शजऱ्याला हात न लावता आम्ही वेगळा कागद जोडला. त्यावर नानी आल्या, मामी आल्या, खाला आल्या. रहस्यकथांचा गठ्ठा मी घरी आणला.

नानीच्या आईचं नाव मात्र कोणालाच आठवेना. विचारावं असं वडीलधारं माणूस आता उरलेलं नाही. ती ओळ कोरी ठेवली आहे.