गिऱ्हाईक काय टाइप करतं?

उम्म अल कुवैन

चि. भाच्यास,


वेबसाइटचा आराखडा पाहिला. चार पानं आणि चारही पानांच्या माथ्यावर एकच ओळ: 'दुबईतील सर्वोत्तम मरीन सोल्यूशन्स'. अरे, तुझं बोटदुरुस्तीचं वर्कशॉप इथे, गिऱ्हाईक म्हणजे इथले मच्छीमार आणि शनिवार-रविवारी बोट काढणारे हौशी लोक; मग दुबई कुठून आली? त्या शब्दांवर बड्या कंपन्या पैसे ओतून बसल्या आहेत. आणि 'सोल्यूशन्स' म्हणजे नेमकं काय? इंजिन, रंग की फायबर? (तुझ्या आईला तो शब्द आवडलाय, तिला एवढ्यात काही बोलू नकोस.)

इथल्या खोर अल बैदा खाडीत ज्याचं इंजिन बंद पडलं, तो मोबाइलवर 'यामाहा आउटबोर्ड रिपेअर उम्म अल कुवैन' असं काहीतरी टाकणार. ज्याच्या बोटीच्या तळाला चीर गेली, तो 'फायबरग्लास बोट रिपेअर' शोधणार. दोघांची घाई वेगळी, प्रश्न वेगळे. तेव्हा 'सेवा' हे एकच पान मोडून प्रत्येक कामाचं स्वतंत्र पान कर आणि त्या कामाचं नाव शीर्षकातच येऊ दे. एकाच शब्दासाठी दोन पानं मात्र नकोत. ती एकमेकांच्याच आड येतात.

शब्द आधी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोध. लोकांनी वर्षभर काय विचारलं ते त्यांच्याच भाषेत उतरवून घे. फोन घेणाऱ्या फोरमनलाही विचार, त्याला आपल्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक असेल. मग तेच शब्द गूगलमध्ये टाकून खाली काय सुचवलं जातं ते बघ. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधले शोधांचे आकडे अगदी लहान दिसतील. सातही अमिरातींत सर्वांत कमी वस्ती इथली, त्यामुळे ते व्हायचंच. महिन्याला दहा जण शोधत असले आणि त्यातले दोघे बोट घेऊन आले, तरी तुझा धंदा चालतो.

शारजा, अजमान, रास अल खैमा अशी नुसती नावं बदलून तेच पान छापू नकोस. गूगल त्याला स्पॅम समजतं. तिथे खरोखर जात असशील तर एका ओळीत तसं सांग. गावाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंग अनेक आहेत, यूएक्यूही चालतं. त्यांच्यासाठी वेगळी पानं लागत नाहीत. अरबी पान हवं असेल तर अरबी बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घे.

'मेटा कीवर्ड'च्या रकान्यात पन्नास शब्द भरून देतो म्हणून कुणी दिरहम मागितले, तर देऊ नकोस. क्रमवारी ठरवताना तो रकाना आपण पाहतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

गूगलचं सर्च कन्सोल मात्र पहिल्या दिवसापासून जोड. कोणते शब्द टाकल्यावर आपलं पान लोकांना दिसलं, हे तिथे १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतं. तीन महिन्यांनी तो तक्ता मला पाठव. इंजिनच्या पानावर लोक 'सर्व्हिसचा दर' शोधत येत असतील, तर दर लिहायचे की नाही ते तेव्हा ठरवू. माझं मत विचारशील तर लिहावेत.

तुझा,
मामा