पानाची पाठ

संगमनेरजवळ मामांचा टोमॅटोचा प्लॉट आहे. सकाळचा चहा झाला की ते सऱ्यांमधून एक फेरी मारतात. खिशात छोटं भिंग असतं. चार-पाच झाडांपाशी वाकतात, एकेक पान उलटतात, निरखतात. पांढरी माशी पानाच्या पाठीला बसून रस शोषते, तिची पिलंही तिथंच चिकटलेली असतात. वरून बघून काही कळत नाही.

गेल्या खेपेला मीही सोबत होते. पांढरे ठिपके दिसताच मला फवारणीचा पंप आठवला. मामांनी भिंग हातात दिलं. "भोक कसंय ते बघ." माशी बाहेर पडली असेल तर रिकाम्या कोषावर इंग्रजी 'टी'सारखी चीर राहते. इथं मात्र कोरल्यासारखी गोल भोकं होती. त्यातून एन्कार्सियासारखी गांधीलमाशी निघून गेली होती. ही जेमतेम मिलिमीटरभर, माणसाला डसत नाही. माशीच्या पिलाच्या अंगात अंडं घालते, मग तिची अळी ते पिलू खाऊन टाकते. "आपली माणसं आलीत. दोन दिवस थांबू, रोज बघू," मामा म्हणाले. आज फवारलं असतं तर तीही मेली असती.

ही सवय त्यांना उसाने लावली. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला. तेव्हा डिफा, मायक्रोमस हे मित्रकीटक दिसतात का, हे पाहायला शेतकरी शिकले. दूर इंग्लंडमध्येही १९२६ साली एका टोमॅटोवाल्याला पांढऱ्या कोषांमध्ये काही काळे पडलेले दिसले. त्याने ते जाणकारांना दाखवले, तर आत एन्कार्सिया निघाली. पुढे एन्कार्सिया मुद्दाम वाढवून काचघरांना पुरवायचं काम सुरू झालं. एका माणसाने पान नीट पाहिलं म्हणून. मला हे फार मोठं वाटतं.

मागच्या आठवड्यात सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. हाक मारली तरी ओ नाही. माझ्या मनात नाना शंका, जिभेवर दोन बोचरे शब्द तयार. मग मामांचं भिंग आठवलं. डबे भरायचे बाजूला ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसले. कानातल्या मशीनचा सेल संपला होता. माझी सकाळची धावपळ बघून त्यांना सांगायला संकोच वाटला. संध्याकाळी सेल आणला. बसवून होतो न होतो तोच मामांचा फोन आला. सासूबाईंनीच घेतला आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "अगं, गोल भोकं वाढलीत म्हणे!"