रोगाचे नाव आणि माणसाची जबाबदारी



नवरा घालूनपाडून बोलतो, चारचौघांत अपमान करतो, चार-चार दिवस अबोला धरतो. मग बायकोच्या मनात येते, यांना काही मानसिक आजार तर नसेल? पूर्वी अशा वेळी करणी झाली म्हणून देवऋषीकडे धाव घेत. त्यापेक्षा डॉक्टरचा विचार करणे केव्हाही शहाणपणाचे. पण डॉक्टरने रोगाचे नाव सांगितले, म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले काय?

काही वेळा मिळते, हे आधी मान्य केले पाहिजे. बायपोलर आजारात उन्मादाचा झटका आला की झोप उडते, पैसा उधळला जातो, माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो. झटका ओसरला की तो निराळाच असतो. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली दाखवून दिले. नैराश्यही पुष्कळ पुरुषांत चिडचिडीच्या रूपाने दिसते. अशा घरात निदानाने संसार सावरू शकतो.

परंतु हाच माणूस साहेबापुढे, मुकादमापुढे आवाज चढवतो काय? आजारी माणूसही दिवसभर तोल सांभाळून घरी ढासळू शकतो, म्हणून हा प्रश्न तपासणीची जागा घेणार नाही. पण जीभ फक्त बायकोपुढेच सुटत असेल, तर ती आवरण्याची शक्ती त्याच्याजवळ कितपत आहे, याचा विचार व्हावयास हवा.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. चित्त भ्रमिष्ट झाले असताना त्याच्या हातून श्रमणाला न शोभणारे पुष्कळ वर्तन घडले. बरा झाल्यावरही इतर भिक्खू त्याला दोष देत राहिले. तेव्हा तथागतांनी संघाला त्याला ‘अमूळ्हविनय’ देण्यास सांगितले, म्हणजे भ्रमात घडलेल्या अपराधांतून मोकळे करण्यास सांगितले. करुणा ती हीच. पण ही मोकळीक गग्गाने स्वतः संघापुढे येऊन तीन वेळा मागावयाची होती. आणि आठवत असूनही आठवत नाही म्हणणाऱ्याला दिलेली मोकळीक अधर्माची ठरवली गेली. म्हणजे आजाराची दखल घेतली, आणि खरेपणाची अटही सोडली नाही.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. आजारी म्हणावयाचा तो डॉक्टरकडे जात नाही. बायकोच पुस्तके चाळते, लक्षणे जुळवते, वर्षे घालवते. आणि नाव सापडले की सासरचे म्हणतात, “आजारी आहे तो, तू समजून घे.” कालपर्यंत तिची तक्रार होती, आज तीच तक्रार निर्दयपणा ठरते. कारण कळले म्हणून सहन करण्याचे कर्तव्य तिच्यावर कोणी लादले?

रोगाचे नाव बायकोविरुद्धही वापरले जाते. आपल्यालाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली एका नवऱ्याने बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागितला होता. १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसते नाव पुरत नाही, आजाराची तीव्रता पाहिली पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारात धरला आहे. तेथे छळणाऱ्याच्या रोगाचा दाखला बाईने आणावयाचा नाही.

तेव्हा भगिनींनो, निदान जरूर होऊ द्या. पण त्यासाठी पाऊल त्याने उचलावयाचे आहे. तो डॉक्टरकडे गेला काय, औषध घेतो काय, आणि दुखावल्यावर ‘माझे चुकले’ म्हणतो काय, एवढे पाहा. ही उत्तरे होकारार्थी असतील तर त्याला साथ द्या. नसतील तर रोगाच्या नावासाठी थांबू नका. माहेर, शेजार, कायदा यांचा आधार घ्या. मैत्रीभावना सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. त्या सर्वांत तुम्हीही आहात, आणि दाराआडून सगळे ऐकणारी तुमची मुलेही आहेत.