गाठ किती काढावी?

आंतरकर्णातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर क्वचित एक गाठ वाढते. ती बहुधा तोल सांभाळणाऱ्या शाखेच्या आवरणपेशींतून उगवते, कर्करोगाची नसते आणि सहसा सावकाश वाढते. एका कानाने कमी ऐकू येऊ लागते, त्यात सतत गुणगुण सुरू होते, फोन आपसूक दुसऱ्या कानाला लागतो. पुढे एमआरआयमध्ये काही मिलिमीटरांचा ठिपका दिसतो. रोगी विचारतो, ‘काढून टाकता येईल ना?’

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. हार्वी कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. गाठीचे आवरण तसेच ठेवून आतला भाग कोरून काढायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक रोगी जगले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढू शके. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या वॉल्टर डँडी यांनी १९२२ मध्ये गाठ समूळ काढल्याचे जाहीर केले, आणि दोघांमधली तेढ वाढली. समूळ काढताना शेजारून जाणारा चेहऱ्याचा मज्जातंतू मात्र अनेकदा बळी जाई. पुढे १९६०च्या दशकात विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आंतरकर्णातूनच वाट काढली. चेहरा वाचू लागला, पण त्या कानाचे ऐकणे कायमचे गेले.

प्रगतीने त्याग संपवला नाही. कशाचा त्याग करायचा, हे निवडण्याची मुभा दिली. आज शल्यविशारद प्रसंगी चेहऱ्याच्या तंतूला चिकटलेला कण मुद्दाम सोडतात. लहान गाठीवर अनेकदा केवळ नजर ठेवतात. म्हणजे पूर्णता हा स्वयंभू सद्गुण नव्हे. पण थांबणेही निष्पाप नाही, कारण गाठ वाढली नाही तरी ऐकणे ओसरू शकते.

मग ठरवायचे कोणी? तंतू किती धोक्यात आहे, हे डॉक्टरांना कळते. ऐकण्याचे मोल गायकाला किती, दुसरा कान आधीच गेलेल्याला किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून निर्णय रोग्याचा, हे खरेच. पण आकडे पुढ्यात टाकून ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हणणे, हा त्याच्या स्वातंत्र्याचा आदर नव्हे. ती जबाबदारीची झटकणी आहे. आदर करायचा तर आधी त्याला विचारावे लागते, ‘तुम्हाला काय गमावणे सोसणार नाही?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यावे लागते.