दुसऱ्याच्या रानातली वाट

इंग्लंडच्या दक्षिण भागात चिल्टर्न नावाच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. त्यांच्या उतारांवर बीच वृक्षांची दाट बने आहेत. एप्रिलच्या अखेरीस, पालवीची सावली दाटण्यापूर्वी, त्यांखालची भुई निळ्या ब्लूबेल फुलांनी झाकून जाते. या बनांतून वाटा जातात. पिवळ्या बाणाची वाट केवळ पादचाऱ्यांची. निळ्या बाणाची ती 'ब्राइडलवे', म्हणजे लगामाची वाट. तिच्यावरून चालावे, घोड्यावर बसून जावे अथवा घोडा हाती धरून न्यावा. १९६८ पासून तेथे सायकलस्वारालाही मुभा आहे, मात्र त्याने इतरांना आधी वाट द्यायची. पायवाटेवर कुंपण आडवे आले तर लाकडी पायरी पुरते. घोडा पायरी चढत नाही, म्हणून ब्राइडलवेला फाटक लागते.

ही बने आणि लगतची शेते बहुधा कोणाच्या तरी खाजगी मालकीची असतात. तरीही मालक वाटसरूला अडवू शकत नाही. पेरणीसाठी वाटेवरून नांगर फिरवला, तर साधारणतः १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. शेतातून जाणारी पायवाट निदान १ मीटर, ब्राइडलवे २ मीटर रुंद. मग मालकी म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचे दोन भाग केले होते. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीला असावा. परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला द्यायला तयार असावे. सेमिनरीत हे आम्ही धनधान्याविषयी शिकलो; वाटेविषयी कोणी बोलले नव्हते. वास्तविक शुभवर्तमानात येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसे मोडून खातात, तेव्हा परुशी शब्बाथ मोडल्याचा आक्षेप घेतात. दुसऱ्याच्या शेतात शिरलातच कसे, असे कोणी विचारल्याचा उल्लेख नाही.

इंग्लंडमध्ये मात्र असे विचारले गेले. डर्बीशायरमधील किंडर स्काउट हे पठार ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण श्रमिक जाणूनबुजून त्यावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे १९४९ च्या कायद्याने जिल्हा परिषदांसारख्या तेथील संस्थांवर वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली, आणि २००० च्या कायद्याने मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्कही मिळाला. २००२ मध्ये तत्कालीन ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्तर वर्षांनी का होईना, ती मागितली गेली.

आम्हांला सर्वांत विचारात पाडते ते निराळेच. लोकांनी २० वर्षे अखंड वापरलेली वाट तेथे सार्वजनिक मानली जाऊ शकते. अट अशी की, तो वापर बळाने, लपूनछपून किंवा परवानगीने झालेला नसावा. आपल्याकडे यालाच जवळचा शब्द आहे, वहिवाट. पण परवानगीने नसावा, हे कसे? लॅटिनमधील 'प्रेकारिओ' या मूळ शब्दात विनवणीचा अर्थ आहे. विनवून मिळाले ते हक्काचे होत नाही! म्हणून काही मालक 'ही वाट आमच्या संमतीने खुली आहे' अशी पाटी लावतात आणि वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवतात. ३६४ दिवसांचे औदार्य हक्क होऊ नये, एवढ्यासाठी हा एक दिवस.

अशा मालकाला कंजूष म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. पडणारी झाडे, उघड्या राहिलेल्या फाटकातून भरकटणारी गुरे, मेंढरांवर धावणारे कुत्रे हे सर्व त्यालाच निस्तरावे लागते. परंतु मेहेरबानीत देणारा दोरी आपल्या हातात ठेवतो आणि घेणाऱ्याला दर सकाळी मान तुकवावी लागते. वाट हक्काची असली की दोघेही मोकळे होतात. बांधावर भेटले तर एकमेकांना नमस्कार करतात, त्यात उपकार नसतो आणि उपकृतताही नसते. वाटसरूला मिळते ते तरी किती? पलीकडे जाणे, वाटेत जरा विसावणे. लाकूड तोडता येत नाही, मुक्काम ठोकता येत नाही, फाटक जसे होते तसेच ठेवून पुढे जायचे.

एकदा सार्वजनिक झालेली वाट केवळ वापर थांबला म्हणून कायद्याने बुजत नाही. रानातल्या काटेरी वेलींना मात्र हे ठाऊक नसते. दोन उन्हाळे कोणी फिरकले नाही, तर पिवळ्या बाणाचा खांबही त्यांत शोधावा लागतो.