फळ खाल्लेल्यांचं ऋण

आमचा वेल्ह्याकडचा मुलूख भोर संस्थानातल्या प्रचंडगड तालुक्यातला. प्रचंडगड म्हणजेच तोरणा. वीज येईपर्यंत आमच्या घरी ‘प्रभाकर’ कंदील होता. दिवेलागणीच्या आधी आजी त्याची काच उतरवायची, चुलीतली बारीक राख फडक्यावर घेऊन घासायची आणि पुन्हा कोरड्या फडक्याने लख्ख पुसायची. पेटत्या कंदिलाजवळ ती आम्हाला ओला हात नेऊ द्यायची नाही. तापल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. कंदील लागला की आम्ही सगळे त्याला हात जोडायचो.

तो कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. औंध संस्थानच्या हद्दीत 1916 साली ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला. त्याच्याही आधी, 1908 मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. माणशी वर्षाला एक पैसा मागत अंताजी दामोदर काळे यांनी तो फंड उभा केला आणि लोकमान्य टिळक त्यांच्या पाठीशी राहिले. तिथे काचकाम शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेली.

काचेची भट्टी रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. थंडावली की आतला रस थिजतो. ओगलेवाडीची भट्टी विझून आता कितीतरी वर्षं झाली. असे जुने कारखाने पाडायला निघाले की आपण म्हणतो, ‘सगळं नश्वर आहे, कशाला जीव लावायचा?’ मला हे वैराग्य खरं वाटत नाही.

‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं. फळाची आशा सोडावी, पण लोकसंग्रहासाठी कर्म सोडू नये, हा टिळकांचा आग्रह. हा उपदेश कर्त्यासाठी आहे. एक पैसा देणाऱ्याने त्याचा हिशेब मागितला नाही, भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला आपली काच कुणाच्या ओसरीवर उजेड देते हे कळलं नाही. फलत्याग त्यांनी केला. फळ खाल्लं आम्ही. मग त्यांच्या वाट्याचं वैराग्य आम्ही कोणत्या तोंडाने पांघरायचं? खाणाऱ्याचा धर्म वेगळा, तो ऋणाचा. आपल्या परंपरेत ऋषिऋण फिटतं ते अध्ययनाने: जे मिळालं ते शिकायचं, जपायचं आणि पुढच्याला द्यायचं. काच ओतणाऱ्याची विद्याही त्या ऋणातच येते.

भिंत पडणारच असेल तर पडो. प्रत्येक चिमणी राखा, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या गावातला जुना कारखाना, गिरणी, छापखाना पाडायला निघाला, तर कुदळ लागण्याआधी तिथे राबलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांची नावं, कामाची रीत, हत्यारांची नावं वहीत उतरवा आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवा.